तीन विषयांतून एक मेजर

जूनमधली सकाळ, साडेदहा वाजलेत. सिन्नरच्या आमच्या कॉलेजात एका वर्गात तीन टेबलं मांडली आहेत. बाहेर व्हरांड्यात एस.वाय.बी.ए.ची रांग. हातात गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, आधार कार्ड आणि एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक, लिहिलेली चिठ्ठी. उद्या संध्याकाळी फॉर्म बंद होतोय.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ही मुलं पहिल्या वर्षी तीन विषय शिकली. आता त्यांतला एक मेजर, म्हणजे मुख्य, एक मायनर, म्हणजे दुय्यम, आणि तिसरा सोडायचा.

वावीची एक मुलगी आईला घेऊन टेबलाशी येते. तिचे विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भूगोल. फॉर्मवर बाकी सगळं भरलेलं, मेजर-मायनरच्या चौकटी कोऱ्या.

"मॅडम, राज्यशास्त्रच टाकू ना मेजर? सगळ्या मैत्रिणी तेच टाकतायत. स्कोअरिंग आहे म्हणे."

मी एक पाठकोरा कागद घेते, त्यावर उरलेल्या चार सत्रांचे चार रकाने आखते. तिसऱ्या सत्राचा रकाना तिलाच भरायला सांगते. मेजरला ६ क्रेडिट, मायनरला ४. मग दोन-दोन क्रेडिटचे सहा तुकडे: व्यावसायिक कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, सहअभ्यासक्रम. ती बोटांवर बेरीज करते. "बावीस." बरोबर. पाचव्या-सहाव्या सत्रात मेजरचा वाटा निम्म्याहून जास्त होतो. म्हणजे आज भरायची चौकट पुढची दोन वर्षं व्यापणार आहे.

मागच्या मुलाला राहवत नाही. "मॅडम, राज्यसेवेला कुठला बरा?" प्रश्न योग्यच आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात एक वैकल्पिक विषयही लिहायचा असतो. पण दोन पेपर भरून लिहायचं, तर विषय आतून आवडायला हवा. मी त्याला राज्यशास्त्र आणि इतिहास, दोन्हींचे अभ्यासक्रम हातात देते. "बाकावर बस आणि प्रत्येक घटकाखाली काय दिलंय ते वाच. मग ये."

मुलीपुढे अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम उघडते. सरासरी, मध्यगा, निर्देशांक या शब्दांवर तिचं बोट थबकतं. "गणित दहावीनंतर सुटलंय माझं."

इतका वेळ गप्प असलेली आई बोलते. "कशाचं सुटलंय? मी वळलेल्या हजार बिड्यांमागं किती मिळाले, किती नापास धरून कापल्या, सगळा हिशेब हीच ठेवती."

मुलगी संकोचत पिशवीतून वही काढते. शेवटच्या पानांवर पेन्सिलीने ओढलेल्या ओळी. तारीख, दिलेला पाला, आणलेली तंबाखू, वळलेल्या बिड्या, कापलेल्या बिड्या, हातात आलेले पैसे. एका आठवड्यासमोर गोल करून लिहिलंय, "जास्त कापल्या. पाला ओला होता."

मी ते पान दोनदा वाचते. कापलेल्या बिड्यांचं एकूण बिड्यांशी प्रमाण काढायला सांगते. ती तिथेच भागाकार करते. "पावसाळ्यात जास्त कापतात मॅडम. दरवर्षी." अख्खं गाव ज्या धंद्यावर जगलं, त्यातला तोटा कोणाच्या अंगावर पडतो, हे तिनं आकड्यांत मांडून ठेवलं आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीची केलेली पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही शेतकऱ्यांचे जमाखर्चच तपासले होते. मी तिला हे सांगते. तिसऱ्या सत्रातला क्षेत्र प्रकल्प दोन क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा. वावीतल्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीचा अभ्यास त्यात सहज बसेल.

आता वेळापत्रक. भूगोलाची प्रात्यक्षिकं दुपारी उशिरापर्यंत चालतात आणि तिची एसटी त्याआधी सुटते. भूगोल सोडताना तिला वाईट वाटतं, ते चेहऱ्यावर दिसतं. राज्यशास्त्र मायनर राहतं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं घ्यावं लागतं, ते ती वाणिज्यमधून निवडते.

आई हळूच विचारते, "मॅडम, मधीच शिकणं थांबवावं लागलं तर? सोयरिकी येत्यात."

"ताई, दुसऱ्या वर्षानंतर थांबली आणि जादा चार क्रेडिट पूर्ण केले, तर पदविका हातात येते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले क्रेडिट खात्यावर राहतात. पण थांबवू नका. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळेल, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के पडले तर संशोधनासह ऑनर्सची वाट खुली होते."

आई मान हलवते, हो म्हणत नाही. मुलगी मात्र मेजरच्या चौकटीत 'अर्थशास्त्र' लिहिते आणि पाठकोरा कागद घडी घालून वहीत ठेवते.

या एका फॉर्मला पाऊण तास लागला. व्हरांड्यात रांग वाढली आहे, आणि उरलेल्या वेळात एवढा वेळ प्रत्येकाला देता येणार नाही. धोरणानं निवड दिली, हे चांगलंच झालं. पण गावाकडून आलेल्या मुलाशेजारी बसून अभ्यासक्रम उघडणारं माणूस नसेल, तर ती निवड मैत्रिणींच्या मागं जाण्यापुरतीच उरते. फॉर्म सुरू होण्याआधी पूर्ण आठवडा फक्त या बोलण्यासाठी ठेवायला हवा. आजच्या आज प्राचार्यांना तसं लेखी देते आहे.