पाय थांबवायचे नाहीत

मिस्त्रींनी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चाकाबरोबर चेन फिरली, चेनबरोबर पायडलं फिरली. मग त्यांनी चाक उलट दिशेने ढकललं. पायडलंही उलटी फिरली. टर्रर्र असा ओळखीचा आवाज कुठेच नाही. सगळी हयात सायकलींचे आऊट काढण्यात आणि छर्रे बदलण्यात गेलेल्या त्या माणसाने पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं आणि म्हणाले, "हिला फ्रीव्हील नाहीच. अहो, ही तर पोरांची तिनचाकी झाली."

अगदी खरं आहे. तिनचाकीची पायडलं थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसवलेली असतात. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पुढे आपण दुचाकीवर येतो आणि फ्रीव्हील नावाची सोय मिळते. तिच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले बारीक खटके असतात. पाय पुढे जोर लावतात तेव्हा ते दात्यांत अडकून चाक ओढतात आणि पाय थांबले की दात्यांवरून घसरत राहतात. तीच ती टर्रर्र. फिक्स्ड गिअरच्या सायकलीत हे खटके नसतात. मागचं दातेरी चक्र हबवर आटे फिरवून घट्ट बसवलेलं असतं. चाक आणि पाय यांच्यामध्ये कुणी नाही.

माझी सायकल वडिलांच्या जुन्या लोखंडी फ्रेमवर तयार झाली. फ्रेम निवडताना एकच गोष्ट पाहायची होती: मागचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी आहे का. या सायकलीत चेन ताणून धरणारी वेगळी स्प्रिंग चालत नाही. चाक मागे ओढायचं, चेन ताणायची आणि नट आवळायचे, एवढाच मार्ग. खाच उभी असेल तर चाक मागे सरकणारच नाही. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला आडवी खाच असते, आजकालच्या गिअरच्या सायकलींना बहुधा नसते. चेन किती ताणावी? वरच्या बाजूला मधोमध बोटाने दाबली तर साधारण एक सेंटीमीटर हलावी. पुढचं दात्यांचं चाक कधीच पूर्ण गोल नसतं, त्यामुळे पायडल फिरवत फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट होते तिथे हे माप घ्यायचं. फार घट्ट चेन कुरकुरते, छर्रे खाते. सैल चेन उतरते, आणि या सायकलीची चेन चालताना उतरून अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं.

हबबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच लोक पैसे वाचवतात. फिक्स्ड हबला दोन प्रकारचे आटे असतात. दातेरी चक्र नेहमीच्या आट्यांवर बसतं. त्याच्या बाहेरून एक कडं बसतं, त्याचे आटे उलटे. पायांनी मागे जोर दिला की चक्र सैल व्हायला बघतं, पण ते सैल होताना उलट्या आट्यांचं कडं अधिकच आवळलं जातं आणि चक्राला धरून ठेवतं. आपल्याकडे बरेच जण हा हब आणायचं टाळतात आणि साध्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून घेतात. पुढे पायडल मारताना काही कळत नाही. पण उतारावर पायांनी चाक रोखायला गेलं की अख्खं फ्रीव्हील आट्यांवरून उलगडत सुटतं आणि ज्या क्षणी रोखायचं, त्याच क्षणी पाय हवेत फिरतात. मिस्त्रींनी मला स्वच्छ सांगितलं, "वेल्डिंग मारून मी देणार नाही. हब आणा, मग या." त्यांचे मी आजही आभार मानतो.

मी आणलेल्या हबच्या दोन बाजू दोन प्रकारच्या आहेत: एकीकडे फिक्स्ड चक्र, दुसरीकडे साधं फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की सायकल बदलते. नवशिक्याने असाच हब घ्यावा, दमलेल्या दिवशी घरी परतायला उपयोगी पडतो. चाक उलटं करण्याची युक्ती जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअरला १९३७ साली परवानगी मिळाली. तोपर्यंत घाट आला की स्वार खाली उतरत, मागचं चाक काढत, उलटं लावत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चढ चढत.

दात्यांचा हिशोब मी पुढे ४२ आणि मागे १७ असा ठेवला. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५ मीटर २० सेंटीमीटर जाते. ताशी २५ किलोमीटरला पाय मिनिटाला ८० फेऱ्या मारतात, हे सुखाचं आहे. तरुण मुलं मागे १४ दात्यांचं चक्र लावतात, वेग मिळतो म्हणून. पण जड गिअरवर सायकल पायांनी रोखणंही तितकंच जड जातं. शिवाय मागचं चाक अडवून घसरत नेणारे नेहमी एकच पाय पुढे ठेवत असतील, तर ४२ आणि १४ च्या जोडीत टायर एकाच ठिकाणी घासला जातो आणि लवकर फुटतो. ४२ आणि १७ मध्ये ही झीज १७ जागी वाटली जाते. सुरुवातीला हलका गिअर घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

पहिला धडा शाळेच्या मोकळ्या मैदानावर, रविवारी सकाळी. शिकवायला भाचा. तो पुण्यात कॉलेजला जातो आणि दोन वर्षं अशीच सायकल चालवतो. चढण्यापासूनच फरक सुरू झाला. साध्या सायकलीचं पायडल आपण पायाने मागे फिरवून हवं तिथे आणतो. इथे मागचं चाक उचलल्याशिवाय पायडल जागचं हलत नाही. एका हाताने सीटखाली धरून चाक उचलायचं, पायडल वर आणायचं, मग टांग टाकायची.

"मामा, एकच लक्षात ठेव. पाय थांबवायचे नाहीत," भाचा म्हणाला.

लक्षात होतंच. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला समोरून चेंडू आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पाय थिजले. चाक थिजलं नाही. मागून वर येणाऱ्या पायडलने पाय उचलला, पायाने मला सीटवरून उचललं आणि मी हँडलवर आदळता आदळता राहिलो. हा झटका प्रत्येकाला बसतो. तो मैदानात, कमी वेगात बसावा, म्हणून मैदान. चार-पाच झटक्यांनंतर शरीर समजून घेतं. मला त्याला तीन रविवार लागले.

रोखायचं कसं, हे शिकायला त्याहून जास्त दिवस गेले. आधी मी पाय ताठ करून चाकाशी झगडत होतो. भाच्याने सायकल शेजारी आणून सांगितलं, "थांबायचंय हे पायांना आधीपासून सांग. मागून वर येणाऱ्या पायडलवर नुसतं वजन ठेव, जोर लावू नकोस." जमलं तेव्हा फार वेगळं वाटलं. वेग हळूहळू मांड्यांमध्ये उतरतो. त्यासाठी तळवा पायडलवर पक्का बसलेला हवा, म्हणून पट्टे लागतात. पट्टा इतकाच आवळायचा, की पाय मागे ओढला तर सुटेल. पहिला आठवडा मांड्यांची मागची बाजू ठणकत होती. साध्या सायकलीवर त्या स्नायूंना हे काम कधी पडतच नाही.

मग रस्ता. पुण्याच्या रस्त्यावर ही सायकल चालवायची तर चार पावलं पुढचं बघावं लागतं. स्पीडब्रेकर आला की पाय थांबवून, सीटवरून उठून सायकल सोडून द्यायची सोय नाही. वेग आधीच कमी करायचा आणि दोन्ही पायडलं आडवी असतील तो क्षण साधायचा. डावीकडे वळताना सायकल डावीकडे कलते आणि नेमकं तेव्हा डावं पायडल खाली आलं तर ते डांबराला घासतं, मागचं चाक उचलून फेकतं. म्हणून वळण संथ घ्यायचं, सायकल कमी कलवायची. सिग्नलला पोचता पोचता पायडल चढायच्या जागी थांबेल असा हिशोब ठेवायचा, नाहीतर मागे हॉर्न वाजत असताना चाक उचलत बसावं लागतं.

चांदणी चौकाकडून कोथरूडकडे येणारा उतार मी तिसऱ्या महिन्यात घेतला. घाईच झाली. वेग ताशी ४० च्या आसपास गेला असेल. म्हणजे पाय मिनिटाला सव्वाशेच्या वर फेऱ्या मारत होते. शरीर सीटवर उडायला लागलं, पायांनी रोखणं अशक्य झालं. पुढचा ब्रेक थोडा थोडा दाबत मी डावीकडे आलो आणि उभा राहिलो. पाय थरथरत होते. तो ब्रेक नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही टाळतो.

सायकल थांबताना सगळं वजन पुढे सरकतं. मागचं चाक हलकं होतं आणि लवकर घसरतं. पाय कितीही बळकट असले तरी ते फक्त मागचं चाक रोखतात. खरी थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात असते. तरीही ब्रेक नसलेल्या सायकलीचं मुलांना आकर्षण आहे. ती मूळची ट्रॅकवरची सायकल. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या व्हेलोड्रोमवर ब्रेक नसलेल्या अशाच सायकलींवर आपली मुलं तयार झाली आणि २०१९ साली भारताच्या ज्युनियर संघाने टीम स्प्रिंटमध्ये जागतिक सुवर्णपदक आणलं. त्या ट्रॅकवर ब्रेकला मनाई असते, कारण सगळे एकाच दिशेने जातात आणि कुणी मध्येच थांबत नाही. कर्वे रस्त्यावर रिक्षा मध्येच थांबते. २०१६ मध्ये लंडनच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून एक पादचारी बाई गेल्या. पुढच्या वर्षी सायकलस्वाराला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तिथला कायदा फिक्स्ड चाकाला मागचा ब्रेक धरतो, पण पुढचा ब्रेक हवाच म्हणतो.

आणखी एक, पुरेसं न सांगितलं जाणारं. चेन पुसताना चाक फिरवत, चेनवर फडकं धरून बसायची आपल्याला सवय असते. या सायकलीवर ते करू नका. बोट चेनबरोबर दात्यांत गेलं तर चाक थांबत नाही, बोट तुटतं. पँटची मोहरी, बुटाची नाडी, ओढणी यांनाही तेच लागू. मी मोहरीला पट्टी बांधतो, नाडी आत खोचतो.

आता दीड वर्ष झालं. पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याला लागतो. सपाट रस्ता, थंड हवा आणि चेनचा जेमतेम ऐकू येणारा आवाज. वाऱ्याची दिशा, रस्त्याचा डोळ्यांना न दिसणारा चढ, टायरमधली कमी हवा, सगळं पायांना आधी कळतं. साध्या सायकलीवर मी हे कधी अनुभवलं नव्हतं, आणि मी सायकल लहानपणापासून चालवतोय.

तुम्हाला शिकायची असेल तर आडव्या खाचेची फ्रेम शोधा, उलट्या आट्यांच्या कड्याचा हब घ्या, हलका गिअर लावा आणि तीन रविवार मैदानावर काढा. मागचा ब्रेक ठेवलात तर उत्तमच. पुढचा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका.