फोटोवरून धमकी: सापळा कसा लागतो, कसा सुटतो

सुरुवात एका साध्या रिक्वेस्टने होते. इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या ऑनलाइन खेळात मुलाच्याच वयाची वाटणारी मुलगी ओळख काढते. खातं खरं वाटतं, कारण तिने मुलाच्या दोन-चार वर्गमित्रांना आधीच जोडून घेतलेलं असतं. शाळा, क्लास, क्रिकेट अशा गप्पा होतात आणि लवकरच ती म्हणते, "इथे नको, टेलिग्रामवर ये." पालकांनी मुलांना ओळखायला शिकवावी अशी पायरी हीच. नव्या जागी ओळखीचं कुणीच नसतं. मग ती स्वतःचा म्हणून दुसऱ्याच कुणाचा तरी नग्न फोटो पाठवते आणि बदल्यात मुलाचा तसाच फोटो मागते. किंवा व्हिडिओ कॉल लावते आणि पलीकडे स्क्रीन रेकॉर्ड होत असते. पुढचा मेसेज म्हणजे मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट: पैसे दे, नाहीतर हे सगळ्यांना जाईल. ओळखीपासून धमकीपर्यंत काही तासही पुरतात.

गुन्हेगाराची सगळी भिस्त एका भीतीवर असते: आईबाबांना कळलं तर? म्हणून मुलाला आजच सांगावं, "कसलाही फोटो गेला असला तरी मला सांग, मी फोन काढून घेणार नाही." आणि तो शब्द पाळावा. फोन जाईल या धाकाने कितीतरी मुलं गप्प राहतात.

मूल गप्प राहिलं तरी काही खुणा दिसतात: मेसेज वाजला की दचकणं, जेवण सुटणं, कारण न सांगता पैसे मागणं, आईच्या यूपीआयवरून अनोळखी नावाला रक्कम जाणं. भीती आणि पैसे एकत्र दिसले, तर शांतपणे पण लगेच विचारा.

इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती मुळातच खासगी असतात. अनोळखी माणसाला फॉलोअर्सची यादी दिसत नाही, थेट मेसेजही करता येत नाही. मात्र खातं उघडताना जन्मवर्ष खरं दिलेलं असलं तरच याचा भरवसा. ते एकदा मुलासोबत बसून तपासा.

धमकी आलीच तर पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. खात्याचं नाव, लिंक, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो नातेवाइकांना पाठवू नका. पैसे गेले असतील तर 1930 वर ताबडतोब कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटो मागत नाही. फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि 'त्याने स्वतःहून पाठवला' ही सबब धमकावणाऱ्याला वाचवत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो. मूल स्वतःही तो लावू शकतं. त्याच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.