वाघ्या घेवडा कोरेगावचा, तूर वर्ध्याची

राजम्याला बाजारात तुरीपेक्षा बरा भाव मिळतो, तर पऱ्हाटीच्या किंवा सोयाबीनच्या तासांमध्ये तुरीऐवजी राजमाच का पेरू नये, हा प्रश्न रास्त आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्याचीच एक जात, खरिपात पावसावर पिकतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मेक्सिकोत मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात घेण्याची ‘मिल्पा’ पद्धत हजारो वर्षांची आहे. तरीही वर्ध्याच्या कोरडवाहू वावरात राजमा हे चुकीचं आंतरपीक ठरेल, असं माझं मत आहे.

कारण जमिनीत आणि हवेत आहे. जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. झड लागली की भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, आणि उथळ मुळांचा राजमा मूळकुजीने बसतो. फुलोऱ्यात पारा 30 अंशांवर गेला तर फुलं गळतात. वर्ध्याचा सप्टेंबर-ऑक्टोबर कोरेगावसारखा थंड नसतो. त्याहून मोठी अडचण मुळांवरच्या गाठींची. तूर, मूग, चवळी हवेतलं नत्र गाठींत बांधतात; राजम्याच्या गाठी नीट धरत नाहीत, म्हणून त्याला हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो नत्र द्यावं लागतं. पऱ्हाटीशेजारी बसून तिच्याच ताटात जेवणारं पीक आंतरपीक म्हणून कोण ठेवील?

तुरीचं गणित उलटं आहे. पहिले दोन महिने ती सावकाश वाढते आणि सोयाबीनला जागा देते. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत कापणीला आलं की तूर फोफावते, आणि खोल गेलेल्या सोटमुळाने खालची ओल ओढून डिसेंबरात शेंगा भरते. दोघांची भूक वेगवेगळ्या वेळी लागते, सगळी मेख इथे आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतले राव आणि विली यांनी 1980 साली ज्वारी-तुरीच्या 94 प्रयोगांचा ताळा मांडला. ठरावीक उत्पन्नाच्या खाली जाण्याची पाळी नुसत्या तुरीवर पाच वर्षांतून एकदा, नुसत्या ज्वारीवर आठ वर्षांतून एकदा, तर दोन्ही मिळून पेरल्यावर छत्तीस वर्षांतून एकदाच आली. हा आकडा ज्वारीचा, पऱ्हाटीचा किंवा सोयाबीनचा नव्हे, हे खरं. पण पावसाच्या लहरीवर जगणाऱ्याला सरासरी उत्पन्नापेक्षा बुडीत वर्षांची संख्या अधिक महत्त्वाची असते.

आक्षेप दोन. एक, मिश्र वावरात हार्वेस्टर नीट चालत नाही. म्हणूनच तास मिसळून न पेरता सोयाबीनचे चार आणि तुरीचे दोन असे पट्टे पाडावे, म्हणजे निदान डवरणी आणि कापणी सुटसुटीत होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: सोयाबीन निघालं की उभ्या तुरीवर रोही आणि रानडुकरं पडतात. बोर अभयारण्याकाठच्या गावांना हे सांगायला नको. त्याला पीकपद्धतीत उत्तर नाही. कुंपण आणि भरपाई हेच त्याचं उत्तर, आणि ते सरकारकडे मागायला हवं. भावाचं म्हणाल तर हमीभावाच्या यादीत तूर आहे, राजमा नाही.

राजमा घ्यायचाच असेल तर विहिरीच्या ओलिताखाली, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, खताचा हिशेब आधी मांडून, स्वतंत्र तुकड्यात घ्या. पावसाच्या भरवशावर असलेल्या वावरात मात्र तुरीचे तास मोडू नका.