निवाड्यानंतरचे सहा आठवडे

२२ जानेवारी २०१८ रोजी शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. दोंडाईच्याजवळच्या नियोजित वीजप्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली होती आणि हाती सुमारे चार लाख रुपये आले होते. शेजाऱ्यांना कितीतरी जास्त मिळाले, आपली आंब्याची झाडे हिशेबात धरलीच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्या प्रकरणात कोणते पाऊल कोणाकडून चुकले याचा निवाडा मला इथे करायचा नाही. पण तालुक्याच्या गावात वकिली म्हणजे नेमके कोणते काम, हे पाहायचे तर भूसंपादनाच्या फायलीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

या भागाला भूसंपादन नवे नाही. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी धरणे झाली, उपसा योजना आल्या, मग विजेचा प्रकल्प आला. प्रत्येक वेळी कागदांचा क्रम तोच: अधिसूचना, संयुक्त मोजणी, नोटीस, निवाडा, रक्कम. वकील मात्र बहुतेक वेळा शेवटच्या पायरीला आठवतो. 'वकीलसाहेब, मनं वावर गयं,' म्हणत माणूस येतो, तेव्हा मोजणी होऊन गेलेली असते आणि पंचनाम्यावर अंगठाही उमटलेला असतो. झाडे, विहीर, पाइपलाइन, गोठा यांची नोंद त्या एका दिवशी झाली नाही, तर पुढे दहा वर्षे कोर्टात ती झाडे उभी करावी लागतात, आणि तोवर जागेवर एकही उरलेले नसते. जुने सातबारे, पीकपाहणीच्या नोंदी, रोपे घेतल्याच्या पावत्या, फळे विकल्याच्या बाजारपट्ट्या, असा चिंध्या जोडून केलेला पुरावा मग मांडायचा. म्हणून मोजणीच्या दिवशी शेतात जाऊन उभा राहणारा वकील हा माझ्या मते धुळ्यात तासभर युक्तिवाद करणाऱ्या वकिलापेक्षा जास्त उपयोगाचा.

दुसरी मेख मुदतीची. १८९४ च्या कायद्याखाली, निवाडा जाहीर होताना जमीनमालक हजर असेल तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ चा अर्ज सहा आठवड्यांत द्यावा लागे. हजर नसेल तर कलम १२(२) ची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. जिल्हाधिकाऱ्याला हा उशीर माफ करता येत नसे. शिवाय रक्कम उचलताना 'हरकत राखून' असे लिहिले नसेल, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा हक्कच जाई. कर्जाने पिचलेला माणूस चेक दिसल्यावर सही करून मोकळा होतो, आणि त्या सहीसोबत दोन शब्द लिहायला सांगणारे तिथे कोणी नसते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने कलम ६४ मध्ये सहा आठवड्यांची मुदत तशीच ठेवली, मात्र सबळ कारण असल्यास आणखी वर्षभर अर्ज घेता येतो.

ज्यांनी अर्ज केलाच नाही त्यांच्यासाठी जुन्या कायद्यात कलम २८-अ होते. त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला कोर्टाने वाढीव मोबदला दिला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत आपलीही रक्कम नव्याने ठरवून मागता येई. नव्या कायद्यात हीच सोय कलम ७३ मध्ये आहे. पण शेजाऱ्याचा निकाल लागला हे कळणार कसे? गावात ही बातमी पोहोचते ती बहुधा शेजाऱ्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिल्यावर, आणि तोवर तीन महिने उलटलेले असतात. वकील संघांनी तालुक्यातील प्रत्येक अधिसूचनेची, तिच्या गटांची आणि निकालांची एक साधी वही ठेवली, तरी कितीतरी लोकांचे काम होईल. या कामाला ना बुद्धीची चमक लागते ना इंग्रजी, म्हणूनच कदाचित ते होत नाही.

खानदेशातल्या कोर्टांशी मोठी नावे जोडलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. अशा गोष्टी ऐकून काळा कोट घालणाऱ्या मुलाच्या मनात वकिली म्हणजे वक्तृत्व असे बसते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतात बांधाचे वाद, वाटणीचे दावे, वहिवाटीचे रस्ते. रस्ता अडवला तर तहसीलदारापुढे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत जायचे, की दिवाणी कोर्टात मनाई मागायची, ही निवड पहिल्याच बैठकीत करावी लागते. चुकीचे दार ठोठावले की पेरणीचा हंगाम गेला. आदिवासी पक्षकाराच्या जमिनीत तर आणखी खोल उतरावे लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळवण्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानंतरच्या व्यवहारांना महसूल संहितेचे कलम ३६ व ३६-अ लागते. साठ वर्षांपूर्वीचा फेरफार शोधून, त्याचे जीर्ण अक्षर लावून वाचता आले तरच हे प्रकरण उभे राहते.

साक्ष नोंदवण्याची कथा वेगळीच. महाराष्ट्रात १९९८ पासून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण या पट्ट्यातला साक्षीदार अहिराणीत किंवा भिलीत बोलतो. 'ढोरं सोडानी येय', म्हणजे गुरे सोडायची वेळ, म्हणजे किती वाजले, हे टंकलेखकाच्या अंदाजावर सोडले तर फौजदारी खटल्यात वेळेचा घोळ होतो आणि उलटतपासणीत त्याचीच विसंगती बनते. अशा वेळी उभे राहून, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत, असा आग्रह धरणे हेही कौशल्यच, आणि कोर्टाची नाराजी पत्करून ते दाखवावे लागते.

इथल्या मिरची आणि कापसाच्या बाजारपेठेत चेकचे खटले असायचेच. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. इथेही पुन्हा कॅलेंडरच. व्यापाऱ्यांचे सौदे आता व्हॉट्सअॅपवर होतात, तेव्हा पुराव्याचा रस्ता मोबाइलमधून जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांत लागते, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश मूल्यही नोंदवायचे. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ कोण, आणि त्याची फी कोण देणार, हा प्रश्न कायदा करताना कोणाच्या डोक्यात आला असेल असे वाटत नाही. चॅटचे नुसते छायाचित्र छापून जोडणाऱ्यांची हरकतीच्या वेळी जी धांदल उडते, ती ज्युनिअर मंडळींनी एकदा मागच्या बाकावर बसून पाहावी.

ज्युनिअर टिकणे हाच खरा पेच आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणले, हे बरे झाले. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ज्या सीनिअरची स्वतःची कमाई तारखेगणिक हातावर येणाऱ्या रकमेवर चालते, तो हे कुठून देणार? अपिलाचे काम औरंगाबाद खंडपीठाकडे जाते, त्यातली मोठी फीही तिकडेच जाते. मग हुशार मुले धुळे, नाशिक, पुणे गाठतात.

आणि या टंचाईतूनच भूसंपादनाच्या कामात टक्केवारी शिरते. पक्षकाराकडे आज पैसे नसतात, वकील खर्च करतो आणि वाढीव रकमेतला वाटा ठरवतो. बार कौन्सिलच्या नियमांना हे साफ अमान्य आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे हे गैरवर्तन. तरीही टक्केवारी नसती तर कित्येक गरिबांचा अर्जच झाला नसता, हा युक्तिवाद मला पूर्ण फेटाळता येत नाही. दुसऱ्या बाजूने, वाद झाला तर पक्षकाराकडे ग्राहक आयोगाचा मार्ग नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला ठरवले आहे. उरते ती अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार. टप्प्याटप्प्याची फी, कोर्ट फी आणि खर्च किती, ते कोण आणि कधी देणार, हे वकीलपत्रासोबत एका साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांनी सह्या करायला काहीच हरकत नाही. एवढे केले तर वाढीव रक्कम जमा होते त्या दिवशी बँकेच्या दारात होणारी बरीचशी भांडणे टळतील.