विश्लेषण : ‘माझा वेग इतका नव्हताच!’ गाडीतील नोंदी ई-चलान खोडून काढू शकतात का?

मोबाइलवर ई-चलानचा संदेश येतो. दुव्यावर बोट ठेवले की गाडीचा फोटो, ठिकाण, वेळ आणि वेगाचा आकडा दिसतो. ‘मी एवढ्या वेगात नव्हतोच’ ही चालकाची पहिली प्रतिक्रिया असते. पूर्वी हे म्हणण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसे. आता काचेवर डॅशकॅम असतो, टोल नाक्यावर फास्टॅगची वेळ नोंदली जाते आणि टॅक्सी-बसमध्ये तर ठावठिकाणा सांगणारे यंत्र सरकारनेच सक्तीचे केले आहे. कॅमेऱ्याच्या दाव्यासमोर या नोंदी कितपत टिकतात? दंडाची रक्कम हजार-दोन हजार असली तरी ज्याचे पोट गाडीवर चालते त्याच्यासाठी ती एका दिवसाची कमाई असते. शिवाय थकलेली चलाने पुढे गाडीच्या कागदपत्रांच्या कामात आडवी येतात.

कॅलिफोर्नियातील प्रकरण काय होते?

या विषयावरचा सर्वात बोलका खटला अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील पेटलूमा या छोट्या शहरात ४ जुलै २००७ रोजी पोलिसाने एका १७ वर्षांच्या मुलाची मोटार अडवली. रडारवर वेग होता ताशी ६२ मैल, म्हणजे जवळपास १०० किलोमीटर. मर्यादा होती ४५ मैलांची, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. दंड १९० डॉलरचा. मुलाच्या पालकांनी, तो बेफाम गाडी हाकू नये म्हणून, गाडीत आधीच जीपीएस यंत्र बसवून घेतले होते. दर ३० सेकंदांनी गाडीचा वेग, जागा आणि दिशा त्यांच्या संगणकावर जात असे. त्याने ७० मैलांचा वेग गाठला तर त्यांना ईमेल येई. रडारने ६२ चा आकडा टिपला, जवळपास त्याच जागी जीपीएसची नोंद होती ४५ मैल. सावत्र वडील स्वतः पोलीस दलातून निवृत्त झालेले. त्यांनी लढायचे ठरवले.

दोन वर्षे खटला चालला. हा खटला लढवायला शहराला सुमारे १५ हजार डॉलर खर्च आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २००९ मध्ये निकाल लागला आणि कुटुंब हरले. मात्र जीपीएस चुकीचे आहे असे कोणीच म्हटले नाही. उपकरण अचूक आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होते. वाद फक्त आकड्यांच्या अर्थाचा होता, आणि तिथेच पालकांची बाजू कोसळली.

पहिल्या नोंदीत गाडी सिग्नलला उभी होती, म्हणजे वेग शून्य. पुढची नोंद ३० सेकंदांनंतरची, वेग ४५ मैल. या दोन जागांमधले अंतर १,९८० फूट. ३० सेकंदांत १,९८० फूट म्हणजे सेकंदाला ६६ फूट, म्हणजेच सरासरी वेग ताशी बरोबर ४५ मैल. आता जी गाडी शून्यावरून निघाली, तिने सुरुवातीची काही सेकंदे ४५ पेक्षा कमी वेगातच घालवली असणार. तरीही सरासरी ४५ भरते, तर मध्ये कुठेतरी ती ४५ च्या बरीच वर गेलेली असलीच पाहिजे. न्यायालयाने नेमके हेच गणित मांडले. मुलाला वाचवण्यासाठी दिलेला कागदच त्याच्याविरुद्धचा साक्षीदार ठरला.

भारतात अशी नोंद घेऊन चलानाला आव्हान देणाऱ्याने हे गणित आधी स्वतः घरी करून पाहावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दर ३० सेकंदांनी नोंद घेणारे यंत्र दोन नोंदींच्या मध्ये ८०० मीटरहून अधिक रस्ता डोळे मिटून पार करते. तेवढ्या अंतरात एखादा ट्रक ओलांडून, वेग वाढवून पुन्हा कमी करूनही होतो. उलट सेकंदाला एक नोंद घेणारा जीपीएस डॅशकॅम कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत सलग उतरता-चढता आलेख देतो. न्यायालयात उभे राहायचे तर हीच नोंद कामाची.

कोणते चलान, कोणती नोंद?

गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. स्पीड गन किंवा खांबावरचा कॅमेरा एका क्षणाचा वेग मोजतो. त्याला ‘पूर्ण प्रवासात माझी सरासरी ७० होती’ हे उत्तर होऊ शकत नाही. लोणावळ्याला चहाला थांबलेल्या माणसाची सरासरी कमीच भरणार! गुगल मॅप्सच्या टाइमलाइनवरचा प्रवासाचा एकूण वेळ किंवा दोन टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळा या प्रकारात उपयोगाच्या नाहीत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. दोन कमानींवरचे कॅमेरे गाडीचा क्रमांक वाचतात, मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात आणि वेग काढतात. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की अॅक्सिलरेटर, ही सवय तिथे निरुपयोगी ठरते. पण अशा चलानात वाद फक्त दोन वेळांचा आणि एका अंतराचा उरतो. तिथे वेळ नोंदणारी कोणतीही चीज, अगदी फास्टॅगचा उतारासुद्धा, थेट मुद्द्यावर बोलते. मधल्या टप्प्यात गाडी पंधरा मिनिटे थांबलेली होती आणि चलान मात्र ताशी ११५ ची सरासरी सांगते, तर क्रमांक वाचण्यात चूक झाली असण्याची किंवा तोच क्रमांक दुसरी गाडी मिरवत असण्याची शंका रास्त ठरते.

खरे तर चालकाच्या नोंदीचे सर्वात बळकट स्थान हेच आहे : गाडी तिथे नव्हतीच. बनावट पाटी लावलेल्या दुसऱ्याच गाडीचे चलान आले असेल, तर वेगाच्या बारकाव्यात शिरण्याची गरज पडत नाही. त्या वेळी गाडी दुसऱ्या शहरात होती हे दाखवणारी जीपीएसची नोंद, फास्टॅग, पार्किंगची पावती आणि चलानावरच्या फोटोतील मॉडेल, रंग किंवा बंपरचा फरक एवढे पुरते.

आणि जिथे नोंद अजिबात कामाची नाही असाही एक प्रकार आहे. समजा मर्यादा ८० ची, चलान ११२ चे आणि डॅशकॅम सांगतो ९६. चालकाला वाटते, कॅमेरा चुकला हे सिद्ध झाले. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये मर्यादा किती किलोमीटरने ओलांडली यानुसार दंडाचे टप्पे नाहीत. हलक्या वाहनासाठी १ हजार ते २ हजार, मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनासाठी २ हजार ते ४ हजार रुपये, एवढीच विभागणी आहे. ९६ म्हणजेही गुन्हाच, आणि तो चालकाने स्वतःच्या पुराव्याने कबूल केलेला.

चूक कोणाच्या यंत्राची?

डॅशबोर्डवरचा काटा मुळात थोडा पुढे चालतो. अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवता कामा नये. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी नियमात बसते. हौसेने मोठे टायर बसवलेल्या गाडीत हे गणित उलटते. चाक मोठे झाल्याने काटा दाखवतो त्याहून गाडी जोरात धावत असते.

जीपीएस मोकळ्या आकाशाखाली, एकसारख्या वेगात अतिशय अचूक असते. अचानक वेग वाढवला किंवा ब्रेक लावला तर आकडा क्षणभर मागे राहतो. भाताण, माडप किंवा कामशेतच्या बोगद्यात उपग्रहाचा संकेत तुटतो आणि बाहेर आल्यावर पहिले काही सेकंद आकडे भरकटू शकतात. चलानाची जागा बोगद्याच्या तोंडाशी असेल तर जीपीएसवर फार भिस्त ठेवू नये.

रडारचा झोत अंतराबरोबर पसरत जातो. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकचा वेग आपल्या नावावर लागू शकतो, विशेषतः फोटोत दोन वाहने असतील तर. लेझर गनचा झोत अरुंद असल्याने ही शक्यता बरीच कमी होते. ‘कॅमेरा तिरका होता म्हणून वेग जास्त आला’ हा लोकप्रिय युक्तिवाद मात्र टाकाऊच म्हणावा लागेल. रस्त्याकडेला स्थिर असलेले रडार तिरक्या कोनातून पाहते तेव्हा आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी येतो, म्हणजे फायदा चालकाचाच होतो.

कायदा कोणाच्या बाजूने?

कलम १८३ मध्येच एक तरतूद आहे. वेग जास्त होता असे एकट्या साक्षीदाराचे नुसते मत असेल, तर तेवढ्यावर दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. म्हणजे सारी मदार उपकरणावर, आणि त्या उपकरणावर ऑगस्ट २०२१ पासून अटी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ नुसार उपकरणाला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे मंजुरी प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. देखरेख असलेल्या टप्प्याच्या आधी सूचनाफलक हवा. गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवली गेली पाहिजे. त्यात क्रमांकाच्या पाटीसह फोटो, उपकरणाचे मोजमाप, तारीख, वेळ आणि ठिकाण असायला हवे. चलान निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवणेही बंधनकारक आहे. रडार उपकरणांची वैधमापन खात्याकडून पडताळणी आणि मुद्रांकन करण्याचे नियमही केंद्राने २०२५ मध्ये अधिसूचित केले.

तेव्हा स्वतःची नोंद पुढे करण्याआधी समोरच्याच्या उपकरणाचे प्रमाणपत्र मागणे शहाणपणाचे. ते जुने निघाले तर पुढचा वाद खूपच सोपा होतो. ही माहिती माहितीच्या अधिकारातही मागता येते.

चालकाच्या नोंदीलाही नियम आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसेच म्हणा. एक सेकंदाचे चित्रण कापले तरी तो बदलतो. व्हॉट्सअॅपवरून आलेली, आकाराने दाबलेली चित्रफीत मूळ फाइल राहत नाही, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते.

नोंद हातची कशी जाते?

डॅशकॅमचे कार्ड भरले की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. रोज चालणाऱ्या गाडीत दोन-तीन दिवसांतच ही वेळ येते. नोटिशीला मात्र १५ दिवसांची मुभा आहे. म्हणजे चलान हाती पडते तेव्हा पुरावा बहुधा उरलेला नसतो. ज्यांना लांबचा प्रवास वरचेवर घडतो त्यांनी घरी पोहोचताच त्या दिवसाच्या फाइल जशाच्या तशा, नावही न बदलता, दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.

दुसरा घोळ घड्याळाचा. बऱ्याच डॅशकॅमचे घड्याळ हाताने लावलेले असते आणि ते पाच-दहा मिनिटे पुढे-मागे असते. जीपीएसच्या फाइलमध्ये वेळ अनेकदा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी ३ च्या चलानासाठी सकाळी ९.३० ची नोंद पाहावी लागते. हे न सांगता कागद पुढे केला तर समोरचा अधिकारी तो पहिल्याच नजरेत बाजूला ठेवील. घड्याळावरच शंका असेल तर चित्रणातूनच वेग काढता येतो. महामार्गावर जिथे २०० मीटरचे दगड शाबूत आहेत तिथे दोन दगडांमधले सेकंद मोजावेत. नऊ सेकंद लागले तर वेग ८०, सव्वासात लागले तर सुमारे १००, सहा लागले तर १२०. या पद्धतीला ना उपग्रह लागतो ना बरोबर लावलेले घड्याळ.

टॅक्सी, बस आणि इतर सार्वजनिक प्रवासी वाहनांचे चालक यात थोडे सुदैवी आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या अशा नव्या वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र सक्तीचे आहे (तीनचाकी वगळून), आणि त्याची नोंद गाडीत न राहता सेवा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर जाते. त्या दिवसाचा अहवाल मालकामार्फत लेखी मागावा आणि त्यात किती सेकंदांच्या अंतराने नोंद घेतली आहे हे आधी पाहावे. अपघातावेळी काही मोटारींमध्ये आपोआप होणारी नोंद इथे उपयोगाची नाही. ती धडकेच्या आधीच्या काही सेकंदांपुरतीच असते.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ किंवा ‘महाट्रॅफिक’ अॅप. तिथे चलान क्रमांकासह तक्रार नोंदवता येते. चुकीचा क्रमांक किंवा बनावट पाटीची प्रकरणे बहुधा इथेच मिटण्याजोगी असतात. वेगाच्या आकड्यालाच आव्हान द्यायचे तर न्यायालयात जाण्याची तयारी हवी. लोकअदालतीची नोटीस आली म्हणून तिथे डॅशकॅम घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथे तडजोड होते, पुरावा तपासून दोषी की निर्दोष हे ठरत नाही. आणि एकदा दंड भरला की चलान मान्य केल्यासारखेच होते. म्हणून लढायचे ठरवले असेल तर ‘पे’चे बटण दाबण्याआधी चलानावरची मुदत पाहावी आणि आक्षेप त्या मुदतीत, लेखी नोंदवावा.