काळजातला चुना

‘काळजाचा दगड होणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. गेल्या पावसाळ्यात तो आमच्याच घरात जवळजवळ शब्दशः खरा ठरला. थोरल्या बंधूंच्या छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा ओरोसहून पत्रादेवीची हद्द ओलांडून त्यांना गोव्यात नेले. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत कॅल्शियमचा टणक थर बसला होता. वहिनींनी दोष दिला पानातल्या चुन्याला. डॉक्टरांनी वयाला आणि मधुमेहाला.

१९७७ साली झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी हृदयाची धमनी प्रथम फुग्याने रुंद केली. पण असल्या टणक धमनीत फुगा पुरता फुगत नाही. जोर करावा तर धमनीच फाटायची! जाळी अर्धवट उघडली, तर पुन्हा तुंबण्याची भीती. मग हिऱ्याच्या कणांनी मढविलेले बारीकसे बोंड मिनिटाला सुमारे दीड लाख फेरे फिरवून तो थर घासतात. नाहीतर फुग्यातल्या द्रवात विजेच्या ठिणग्या पाडतात; त्यांतून उठलेल्या लहरींनी थराला तडे जातात, मऊ भागाला सहसा धक्का लागत नाही. अमेरिकेत या दुसऱ्या उपायाला २०२१ साली मान्यता मिळाली. दादांसाठी डॉक्टरांनी तोच निवडला.

“म्हणजे माझो मुतखडो फोडलो, तसोच मां?” दादांनी विचारले.

“तसाच, काका. जागा तेवढी नाजूक.”

दादांचा तर्क अचूक होता. लहरींनी मुतखडा फोडण्याची युक्ती म्युनिकची, १९८० सालची.

मी बाहेर बाकावर उत्तरपत्रिका उघडून बसलो. एकही तपासली नाही. फुगा पुरता उघडला, जाळी बसली. परतताना बांद्याला दादांनी गाडी थांबवायला लावली आणि मुकाट्याने बिनसाखरेचा चहा मागितला.