नोकरी सांभाळून मास्टर्स: पुसदहून बघितलं तर

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "दादा, आयटीत नोकरी चालू आहे, मास्टर्स करू का, आणि कुठून करू?" योगायोग असा की गेले सहा महिने मी स्वतःच यात अडकलोय. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, पुण्याची कंपनी, काम घरून, घर पुसदला. यंदा प्रमोशनच्या फॉर्ममध्ये 'पदव्युत्तर शिक्षण' असा रकाना होता. तो मी रिकामा सोडला, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

आधी एक भीती काढून टाकू. "डिस्टन्सची डिग्री चालत नाही" असं गावात प्रत्येक काका सांगतो. यूजीसीने २०२२च्या सप्टेंबरमध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. यात 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. संस्था आणि तो विशिष्ट कोर्स, दोन्ही यूजीसीच्या डीईबीच्या यादीत आहेत का, हे स्वतः त्यांच्या साइटवर बघायचं. दिवसातून चार वेळा फोन करणाऱ्या काउन्सेलरच्या शब्दावर जायचं नाही. माझ्या एका मित्राने तसंच पैसे भरले आणि आता परताव्यासाठी ईमेल करत बसलाय.

पण काकांच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे हं. इंजिनीअरिंगची पदवी डिस्टन्सने देता येत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर चांगलाच दणका दिला होता. म्हणून कुणी 'डिस्टन्स एमटेक' विकत असेल तर तिथेच थांबा. एमसीएचं तसं नाही, ते मुक्त पद्धतीने करता येतं.

मी तीन रस्ते तपासले. पहिला इग्नूचं एमसीए. आता दोन वर्षांचं आहे, आणि दोन वर्षांत नाही जमलं तर चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. सगळं मिळून खर्च पन्नास हजारांच्या आसपास. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. ऐकायला भारी वाटतं ना? मेख प्रॅक्टिकलमध्ये आहे. लॅबला हजेरी सक्तीची असते आणि ती तुम्ही निवडलेल्या अभ्यास केंद्रावर द्यावी लागते. पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. मला पडतो, कारण पुसदहून बाहेर जायचं म्हणजे एसटी, आणि एका लॅबसाठी अख्खा दिवस, कधी दोन. त्यामुळे फी बघण्याआधी मी रजा मोजल्या. तुम्हीही फॉर्म भरताना केंद्राचा रकाना घाईत भरू नका. आधी केंद्रावर फोन करून विचारा, एमसीएच्या लॅब तिथे खरंच होतात का, आणि सुट्टीच्या दिवशी होतात की कामाच्या.

दुसरा रस्ता बिट्स पिलानीचा, ज्याला विल्प म्हणतात. नोकरी करणाऱ्यांसाठीच बनवलेला. चार सेमिस्टर, क्लास बहुतेक शनिवार-रविवारी ऑनलाइन, आणि शेवटचं सेमिस्टर म्हणजे स्वतःच्या ऑफिसमधल्या कामावरच प्रबंध. खर्च तीन लाखांच्या आसपास. बीई-बीटेक झालेल्यांनी जरूर बघावा. नुसत्या बीएस्सीवर तिथल्या एमटेकला थेट प्रवेश मिळत नाही, म्हणून माझ्यासाठी बाद. फ्रेशर बीएस्सी-बीसीए मंडळींसाठी मात्र एक वेगळं दार आहे. विप्रो १९९५ पासून अशा मुलांना नोकरीवर घेऊन सोबत मास्टर्स करवतेय. अशा योजनांत बॉण्ड असतो, म्हणजे मधेच सोडलं तर पैसे भरा. सही करण्याआधी ते पान दोनदा वाचा.

तिसरा रस्ता जॉर्जिया टेकचा ऑनलाइन एमएस, ओएमएससीएस. २०१४च्या जानेवारीत सुरू झाला. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठाची कॉम्प्युटर सायन्सची पूर्ण पदवी, आणि सुरुवातीला जाहीर केलेली फी सात हजार डॉलरच्या आत! रुपयात धरा सहाएक लाख, डॉलर वर गेला की तीही वर. दहा कोर्स करायचे. वर्षाला तीन सेमिस्टर, प्रत्येकात एक कोर्स घेतला तरी तीन वर्षं सहज जातात. पहिल्या वर्षात दोन पायाभूत कोर्स किमान 'बी' ग्रेडने काढावेच लागतात. प्रवेश तुलनेने सोपा आहे, टिकणं अवघड. एकेका कोर्सला आठवड्याला दहा-पंधरा तास लागतात, काहींना वीससुद्धा. अजून एक गोष्ट, कारण हे खूप जण विचारतात: याच्यावर अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा मिळत नाही. तिकडे जाण्याचं स्वप्न असेल तर हा तो रस्ता नाही.

खरं सांगू? मन तिसऱ्यावरच होतं. सिस्टिम्स आणि मशीन लर्निंग मला नीट शिकायचंय, नुसता कागद नकोय. म्हणून एक प्रयोग केला. दोन महिने रोज रात्री नऊ ते अकरा, तिथले फुकट उपलब्ध असलेले लेक्चर बघायचे आणि किती तास झाले ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात बारा तास झाले. रिलीज होती त्या आठवड्यात दोन. एका आठवड्यात संध्याकाळची लाइट गेली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसचंच काम कसंबसं उरकलं, अभ्यास शून्य. सरासरी निघाली सात. सात तासांत तो कोर्स निघत नाही, आणि सहा लाखांचा जुगार घरच्यांच्या जिवावर मला खेळायचा नाही. लहान बहिणीचं शिक्षण अजून व्हायचंय.

त्यामुळे सध्या एमसीएचा फॉर्म भरतोय. बाबा म्हणाले, "अमेरिकेची डिग्री सोडून हे?" मी त्यांना वही दाखवली. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं, "मग इन्व्हर्टर घेऊ का आधी?"

इन्व्हर्टर आलाय. वही चालूच आहे, सरासरी बारावर गेली तर जॉर्जिया टेकचा अर्जही काढीन. तुमचे आठवड्याचे तास किती निघतात ते मोजून मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.